कानात अजान दिली, पुढे काय?

लेकीचे माहेर सांगलीला, सासर साताऱ्याला. पहिले बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा जुना रिवाज. सातव्या महिन्यात ती आईकडे येते आणि बाळ तीन-चार महिन्यांचे झाले की सासरी परतते. या मधल्या दिवसांत बाळाचा बाप काय करतो? खुशखबर कळताच तो सव्वाशे किलोमीटर गाठून येतो, बाळाच्या कानात अजान देतो, दवाखान्याचे बिल भरतो, पेढे वाटतो. सातव्या दिवशी अकीका होतो आणि तो कामावर परत जातो. त्यानंतर बाळ त्याला मोबाईलच्या पडद्यावर दिसते. "नाक अगदी तुमच्यासारखं आहे हं," असे सासूबाई सांगतात, तो हसतो आणि फोन बंद होतो.

या बापाला कोणी वाईट म्हणणार नाही. खर्चात तो कुठे कमी पडत नाही. पण बाळाला उचलताना मानेखाली हात कसा घालायचा, दूध पुरते आहे हे कशावरून ओळखायचे, श्वास जोरात चालला म्हणजे नेमके किती, यातले त्याला कोणी काही शिकवलेले नसते. त्याने विचारले तर "तुम्हा पुरुषांचं त्यात काय काम?" असे म्हणून घरातली बायामाणसेच त्याला बाहेरच्या खोलीत पाठवतात.

आता मात्र हे शिक्षण त्याच्या खिशातल्या मोबाईलवर येऊन पोहोचले आहे. ते मोफत आहे, मराठीत आहे आणि रात्री दहा वाजताही मिळते. त्याचा खरा उपयोग कधी होतो आणि कधी होत नाही, एवढेच आम्हाला या लेखात सांगायचे आहे.

दीनने बापाला बाजूला ठेवलेले नाही

"लेकरू आईचं, कमाई बापाची" अशी वाटणी आपण करून टाकली आहे. सूरह बकराच्या २३३व्या आयतीचा आशय पाहिला तर चित्र वेगळे दिसते. आईने पूर्ण दोन वर्षे दूध पाजण्याचा उल्लेख तिथे आहे. दूध पाजणाऱ्या आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर आहे. आणि दूध तोडायचे असेल तर दोघांनी आपसांत सल्लामसलत करून, दोघांच्या राजीखुशीने ठरवावे, असेही तिथे आहे. ज्याला विषयच माहीत नाही तो सल्लामसलत काय करणार? दूध आईचे असले तरी त्याबद्दलची समज दोघांना हवी, हे यातून आपोआप येते.

प्रेषित मुहम्मद (स.) आपली नात उमामा हिला खांद्यावर घेऊन नमाज पढत, सजद्याला जाताना तिला खाली ठेवत आणि उभे राहताना पुन्हा उचलून घेत, हे हदीसमध्ये नोंदलेले आहे. मशिदीत, सर्वांसमोर. तान्ह्या मुलाला कडेवर घेतले म्हणून मर्दानगी कमी होते असे मानणाऱ्यांनी ही सुन्नत आठवावी.

पहिले २८ दिवस

बाळाच्या आयुष्यातला सर्वांत नाजूक काळ म्हणजे जन्मानंतरचे पहिले २८ दिवस. केंद्र सरकारच्या नमुना नोंदणी पाहणीनुसार २०२० साली महाराष्ट्रात दर हजार जिवंत जन्मांमागे १६ बाळे वर्षाच्या आत दगावली आणि त्यांतली ११ पहिल्या २८ दिवसांतच. देशाचा आकडा २८ आणि २० असा होता. महाराष्ट्राची स्थिती देशापेक्षा चांगली आहे, पण ज्या घरातले बाळ जाते त्या घराला या तुलनेने काही दिलासा मिळत नाही.

या दिवसांत बाळ फार पटकन बिघडते. सकाळी नीट दूध पिणारे बाळ संध्याकाळी मलूल होऊ शकते. अशा वेळी घरात काय होते? आधी "पोटात दुखत असेल" म्हणून दोन-तीन तास जातात. मग "ह्यांना विचारते" म्हणून फोन लावला जातो, तो कामात असतो. मग गाडी कोणाची, पैसे कोणाकडे, कोणत्या दवाखान्यात न्यायचे, यावर खल होतो. बाळ दवाखान्यात पोहोचते तेव्हा अर्धा दिवस गेलेला असतो. आणि आपल्या घरांत गाडी, पैसा आणि होकार या तिन्ही गोष्टी बहुधा बापाच्या हातात असतात. म्हणून बापाला बाळाच्या आजाराची ओळख असणे ही चैनीची बाब नाही.

मोबाईलवर काय मिळते?

मुंबईच्या 'अरमान' या संस्थेने, डॉ. अपर्णा हेगडे यांच्या पुढाकाराने, २०१४ मध्ये 'एममित्र' ही सेवा सुरू केली. गरोदर बाईच्या आणि नंतर बाळाच्या वयानुसार मोफत फोन येतो आणि त्या आठवड्याला लागणारी माहिती ऐकवली जाते. केंद्र सरकारची 'किलकारी' ही सेवा याच पद्धतीची आहे. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ एक वर्षाचे होईपर्यंत, आठवड्याला एक याप्रमाणे एकूण ७२ फोन. महाराष्ट्रात ती २०२४ मध्ये सुरू झाली. आरोग्य केंद्रात नाव नोंदवताना जो नंबर दिला जातो त्यावर हे फोन येतात आणि पुष्कळ घरांत तो नंबर नवऱ्याचा असतो. अनोळखी नंबर पाहून "कंपनीचा फोन आहे" म्हणत तो बंद केला जातो. भावांनो, तो फोन बंद करू नका. लाऊडस्पीकर लावा आणि दोघांनी ऐका.

आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात आरोग्य आणि पोषण या विषयावर चित्रफितींची एक मालिका आहे. बालरोगतज्ज्ञ डॉ. रूपल दलाल यांचे तिला मार्गदर्शन आहे. बाळाला छातीशी कसे धरायचे, त्याचे तोंड कसे लागायला हवे, सहा महिन्यांनंतर वरचे अन्न कसे सुरू करायचे, हे एकेक पायरी दाखवून समजावले आहे. मराठीसह अनेक भारतीय भाषांत ती मोफत उपलब्ध आहे.

बाहेरच्या देशांत तर खास बापांसाठीच असे शिक्षण निघाले आहे. ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसल विद्यापीठाचे रिचर्ड फ्लेचर यांच्या पुढाकाराने 'एसएमएस फॉर डॅड्स' ही सेवा तयार झाली. नव्या बापाला मोबाईलवर छोटे संदेश जातात. काही संदेश जणू बाळच बोलते आहे अशा भाषेत असतात आणि मधूनच "तुझं कसं चाललंय?" अशी बापाचीही विचारपूस होते. त्याच देशातल्या पर्थ शहरातील कर्टिन विद्यापीठाने 'मिल्क मॅन' नावाचे ॲप काढले, तेही बापांसाठी आणि विषय स्तनपान. बाप समजून घेतो तेव्हा आईला दूध पाजणे सोपे जाते, हे त्यांनी ओळखले.

पाहणे म्हणजे शिकणे नव्हे

आम्ही शिक्षक. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि आम्हाला मोबाईलवर शिकवावे लागले. पडद्यावर हजेरी पूर्ण असायची, पण वही तपासायला घेतली की कळायचे, मुलांनी धडा पाहिला आहे, शिकलेला नाही. भागाकार पाहून येत नाही, करून येतो. बाळ सांभाळणेही तसेच आहे.

'किलकारी'चा मध्य प्रदेशात सुमारे ५ हजार महिलांवर अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. फोन ऐकणाऱ्या घरांत कुटुंबनियोजनाची साधने वापरण्याचे प्रमाण वाढले. पण बाळाला निव्वळ आईचे दूध देण्याच्या बाबतीत दोन्ही गटांत ठोस फरक दिसला नाही. आम्हाला यात नवल वाटत नाही. दूध पाजणे हे कानाने शिकायचे काम नाही. त्याला हात लागतो, सराव लागतो आणि घरच्यांचा पाठिंबा लागतो.

याची दुसरी बाजू आपल्याच राज्यात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने खेड्यातल्या साध्या, थोडेफार शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची तपासणी शिकवली. श्वास मोजणे, वजन करणे, बाळाला ऊबेत ठेवणे, जंतुसंसर्ग ओळखणे. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा अहवाल आला. ज्या ३९ गावांत हे काम झाले तिथे नवजात बालमृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. पुढे याच धर्तीवर देशभर आशाताईंच्या घरभेटी सुरू झाल्या. गावातली चार-पाच इयत्ता शिकलेली बाई जर बाळाचे श्वास अचूक मोजायला शिकते, तर आपला आयटीआय झालेला, मोबाईल उघडून दुरुस्त करणारा मुलगा का शिकणार नाही?

फक्त शिकवण्याची रीत तीच ठेवावी लागेल: आधी पाहा, मग करा, मग करून दाखवा. चित्रफीत पाहिली की टॉवेलची गुंडाळी करून तिला बाळ समजा आणि दुपट्यात गुंडाळून बघा. मग सासूबाईंसमोर किंवा आशाताईंसमोर खऱ्या बाळाला घ्या. त्या चूक दाखवतील ती सुधारा. मोबाईल हे झाले पुस्तक, गुरू त्या.

बापाच्या हाताला जमणारी कामे

स्तनपान सोडले तर बाळाचे एकही काम असे नाही जे बापाला जमणार नाही.

पहिले काम हात धुण्याचे. तंबाखू मळलेला, गाडीच्या ग्रीसचा, बाजारातून आलेला हात साबणाने धुतल्याशिवाय बाळाला लावायचा नाही. बाळाजवळ विडी-सिगारेट तर नाहीच नाही.

दुसरे, रात्रीची पाळी. तान्हे बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा दूध पिते, त्यात रात्रही आली. बापाने उठावे, लंगोट बदलावा, बाळ आईकडे द्यावे. दूध पिऊन झाले की खांद्यावर घेऊन ढेकर काढावी आणि पाठीवर, उताणे झोपवावे. त्या अर्ध्या तासाने बाळंतिणीला मिळणारा आराम कोणत्याही लाडवाने मिळत नाही.

तिसरे, हिशेब. हे काम पुरुषांना आवडते, म्हणून मुद्दाम सांगतो. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर बाळाने चोवीस तासांत निदान सहा लंगोट ओले करायला हवेत. पहिल्या काही दिवसांत वजन थोडे उतरते, पण साधारण दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर परत यायला हवे. "दूध पुरत नाही, डबा आणा" असे कोणी म्हणाले तर आधी हे दोन आकडे बघा. आकडे ठीक असतील तर दूध पुरते आहे. ठीक नसतील तर डबा आणण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

चौथे, ऊब. बाळ अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे असेल तर त्याला उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवण्याची पद्धत डॉक्टर सांगतात, तिला 'कांगारू' पद्धत म्हणतात. कोलंबिया देशातील बोगोटा शहरात १९७८ च्या सुमारास ती सुरू झाली आणि आता जगभर मान्य आहे. आई दमली असेल तर बापाच्या छातीची ऊबही चालते. काचेच्या पेटीतले बाळ पाहून बाहेर येरझाऱ्या घालणाऱ्या बापाला एवढे मोठे काम करता येते, हे पुष्कळांना माहीतच नसते.

पाचवे, रडणे सोसणे. बाळ तासभर रडले की माणसाचा तोल जाऊ शकतो. अशा वेळी बाळाला सुरक्षित जागी पाठीवर ठेवा, दोन मिनिटे बाहेर जा, पाणी प्या. पण बाळाला कधीही जोरात हलवू, झिंजाडू नका. त्याने मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

मोबाईलचे घड्याळ आणि एक जीव

आमचा एक माजी विद्यार्थी साताऱ्यात वायरिंगची कामे करतो. बायको माहेरी, सांगलीजवळच्या खेड्यात. बाळ अठरा दिवसांचे. आशाताईंच्या सांगण्यावरून तो मोबाईलवर नवजात बाळाचे धडे पाहत असे, मित्र त्याची चेष्टा करत. एका रात्री व्हिडिओ कॉलवर बायको म्हणाली, "आज दूधच ओढत नाही, नुसतं झोपतंय." याने तिला बाळाचे झबले वर करायला सांगितले, दुसऱ्या एका फोनवर घड्याळ लावले आणि पोटाचे वर-खाली होणे पूर्ण एक मिनिट मोजले. अडुसष्ट. पुन्हा मोजले, सहासष्ट. घरात "सकाळी बघू" चालले होते, कारण गाडी असलेले मामा सकाळी येणार होते. हा म्हणाला, "सकाळची वाट नको, आत्ता १०८ ला फोन करा. मी निघालोच." बाळाला न्युमोनिया होता. वेळेत पोहोचले, अल्लाहच्या कृपेने वाचले. आता ते अंगणात कोंबड्यांमागे धावते.

त्याने वेगळे काय केले? दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त असतील तर ते धोक्याचे, हा एक आकडा त्याला पाठ होता. प्रत्येक बापाने पाठ करावी अशी ही यादी:

• बाळ दूध ओढत नाही किंवा एकदम कमी पिते.
• श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त. शांत असताना, पूर्ण एक मिनिट, दोनदा मोजून.
• श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातो.
• अंग तापले आहे, काखेत ३७.५ अंश सेल्सिअस किंवा जास्त. अथवा अंग, हातपाय गार पडले आहेत.
• बाळ मलूल आहे, हलवल्याशिवाय हालचाल करत नाही.
• झटके येतात.
• पहिल्याच दिवशी कावीळ दिसते, किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले आहेत.
• नाळेभोवती लाली, सूज किंवा पू आहे.

यातले एकही लक्षण दिसले तर घरगुती उपाय नको, थेट दवाखाना. २०११ पासूनच्या जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमात आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात उपचार, औषधे आणि ने-आण मोफत आहे. आधी हे फक्त महिनाभराच्या बाळाला होते, पुढे एक वर्षापर्यंत वाढवले. जवळ पैसे नाहीत म्हणून कोणी थांबू नये.

मध, घुटी आणि घरातले वडीलधारे

इथे बापाची खरी कसोटी लागते. बाळ जन्मले की कोणी मधाचे बोट चाटवते, कोणी घुटी उगाळते, कोणी डोळ्यांत सुरमा घालते, कोणी नाळेवर हळद किंवा राख लावते. करणाऱ्यांचा हेतू प्रेमाचाच असतो. पण सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा नको. पहिला पिवळसर चीक टाकून न देता तासाभरात पाजायला हवा. मधातून एक घातक जंतू बाळाच्या आतड्यात वाढू शकतो, म्हणून एक वर्षाच्या आत मध देऊ नये. नाळेला काहीही न लावता ती कोरडी ठेवायची. पहिली अंघोळ निदान चोवीस तासांनंतर. खजूर चावून टाळूला लावण्याची सुन्नत ज्यांना पाळायची आहे, त्यांनी डॉक्टरांशी आधीच बोलून घ्यावे, म्हणजे ऐनवेळी वाद होत नाही.

हे सगळे सुनेने सांगितले तर ती "शिकून शहाणी झालेली" ठरते. तेच मुलाने सांगितले तर घर ऐकते. हे बरोबर आहे असे आम्ही म्हणत नाही, पण आहे हे असे आहे. मग या वजनाचा उपयोग बापाने बाळासाठी करावा. "अम्मी, तुम्ही आम्हाला वाढवलंत, तुमच्या हातची मालिश बाळाला हवीच. फक्त तोंडात काही नको, डॉक्टरांनी सांगितलंय," एवढे नरमाईने बोलले तर मान राखला जातो आणि बाळही सुरक्षित राहते. शक्य असेल तर ती चित्रफीत दादी-नानींनाही सोबत बसवून दाखवा.

जे बाप लांब आहेत त्यांच्यासाठी

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत बाप घरापासून लांब असणे ही नवी गोष्ट नाही. खानापूर, आटपाडी भागातले गलाई व्यावसायिक सोने-चांदी गाळण्याच्या कामासाठी देशभर पसरले आहेत. साताऱ्याच्या डोंगरी भागातून पिढ्यान्‌पिढ्या माणसे मुंबईत माथाडी कामाला गेली. अपशिंगे गावाच्या नावापुढे तर 'मिलिटरी' हा शब्दच लागला आहे. त्यात आपल्या समाजातले ट्रकचालक, फळांचे व्यापारी, परदेशात कामाला गेलेली मुले मिळवा. पूर्वी यांना बाळाची खबर पत्राने कळायची. आज रोज चेहरा दिसतो. पण चेहरा पाहणे म्हणजे काळजी घेणे नव्हे.

लांबच्या बापाला चार गोष्टी करता येतात. एक, होकार आधीच द्या. "बाळाला काही वाटलं तर माझ्या फोनची वाट बघू नका, आधी दवाखान्यात न्या, मग मला कळवा," हे वाक्य बाळ जन्मण्याआधीच बायकोला, सासऱ्यांना, भावाला स्पष्ट सांगून ठेवा. कोणाची गाडी, कोणता दवाखाना, घरात किती रोकड, हे ठरवून टाका. आमच्या मते दूर असलेल्या बापाचे हे सर्वांत मोठे काम.

दोन, आशाताईंच्या भेटींचे दिवस मोबाईलमध्ये टाका. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर त्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात. त्या वेळी फोनवर हजर राहा आणि प्रश्न विचारा. तीन, लसींच्या तारखा सांभाळा. जन्मतः बीसीजी, पोलिओ आणि कावीळ-ब. नंतर दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना. नवव्या महिन्यात गोवर-रुबेला. 'यू-विन' या सरकारी पोर्टलवर बाळाची लसीकरणाची नोंद राहते, ती तुम्ही कुठूनही पाहू शकता. चार, बाळाआधी बाळंतिणीला विचारा: जेवलीस का, झोपलीस का, मन कसे आहे? दोन आठवड्यांनंतरही ती सारखी रडत असेल, कशातच मन लागत नसेल, तर "नखरे" म्हणू नका. ते आजारपण असू शकते. सरकारच्या 'टेली-मानस' या १४४१६ क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

आणि व्हिडिओ कॉल किती करावा? भारतीय बालरोग संघटनेने २०२१ मध्ये सांगितले की दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा दाखवूच नये. नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल तेवढा चालेल. तेव्हा कॉल छोटा ठेवा आणि बोला, बाळाला आवाज ऐकू द्या. एरवी फोन आईच्या कानाशी असू द्या, बाळाच्या डोळ्यांसमोर नको.

कोणाचे ऐकावे, कोणाचे नाही

मोबाईलवर खरे शिकवणाऱ्यांपेक्षा खपवणारे जास्त आहेत. "आठ दिवसांत बाळ गुटगुटीत", "दुधापेक्षा ताकदवान पावडर", अशा गोष्टी सांगणारे हसरे चेहरे दिसले की सावध व्हा. दोन वर्षांखालील बाळांसाठीच्या दुधाच्या पावडरीची, बाटल्यांची जाहिरात करायला १९९२ च्या कायद्याने आणि २००३ च्या दुरुस्तीने आपल्या देशात बंदी आहे. म्हणून जो अशा डब्याची शिफारस करतो तो शिक्षक नव्हे, विक्रेता. बोलणारा कोण, डॉक्टर आहे का, कोणत्या संस्थेचा आहे, काही विकतो आहे का, हे चार प्रश्न विचारले की गाळ खाली बसतो. आणि आजारी बाळावर उपाय मोबाईलवर शोधायचा नाही, डॉक्टरांना दाखवायचे.

घराने दार उघडायला हवे

बापाला वेळ मिळत नाही, ही तक्रार खरी आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना पितृत्वाची १५ दिवसांची रजा आहे. खासगी नोकरदार, दुकानदार, हमाल, चालक यांच्यासाठी कायद्याने एकही दिवस नाही. हे एकट्या आपल्या देशाचे दुखणे नाही. वर्षाच्या आतली जगातली दोन-तृतीयांश बाळे अशा देशांत राहतात जिथे बापाला कायद्याने पगारी रजेचा एक दिवसही मिळत नाही, असे युनिसेफने २०१८ मध्ये सांगितले होते. कायदा होईल तेव्हा होवो. तोवर रात्रीचा अर्धा तास तरी आपल्या हातात आहे.

पण बापाने शिकायचे ठरवले तरी दार आतून उघडायला हवे. नानी-दादींना आमची विनंती आहे: जावई किंवा मुलगा बाळ घ्यायला आला की "पाडशील" म्हणून हात मागे घेऊ नका. जवळ बसवा, दाखवा. गरोदर सुनेबरोबर मुलालाही तपासणीला पाठवा. मोहल्ल्यातल्या मंडळांनी, मशिदीच्या कमिटीने, शाळांनी महिन्यातून एक रविवार नव्या बापांसाठी ठेवला, सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना किंवा आशाताईंना बोलावले, आधी मोबाईलवर धडा पाठवला आणि त्या दिवशी बाहुलीवर सराव घेतला, तर फारसा खर्च येत नाही. निकाहाच्या वेळी मुलाला मेहरची जबाबदारी समजावतात. बाप होण्याआधी ही जबाबदारी समजावायला काय हरकत आहे?

शाळेत पहिलीला नाव घालताना आम्ही पालकांना विचारतो, बाळाला कोणत्या लसी झाल्या, लहानपणी काही आजार होता का. बाप बहुधा आईकडे बघतो. काही थोडे बाप मात्र स्वतः उत्तर देतात, तारखेसकट. अशा मुलांचे बाप पुढेही पालकसभेला येतात, हा आमचा अनुभव आहे. लंगोट बदलण्यापासून सुरू झालेली ओळख वहीपर्यंत पोहोचते.

तेव्हा ज्यांच्या घरी पाहुणा येणार आहे किंवा नुकताच आला आहे, त्या भावांनी आजच एक काम करावे. वर दिलेली धोक्याच्या लक्षणांची यादी वहीत उतरवून पाळण्याजवळच्या भिंतीवर लावावी आणि घरातल्या सर्वांना सांगावे की यातले काही दिसले तर कोणाच्या परवानगीसाठी थांबायचे नाही. अल्लाह आपल्या सर्वांच्या लेकरांना सलामत ठेवो, आमीन.